फळ्यावरचं नाव

पहाटे ४:१५

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात या वेळी तीसेक माणसं असतात आणि बोलत कुणीच नाही. तैवानच्या मुली राइस कुकरमधला भात डब्यात दाबून भरतात, इटालियन पोरं रात्रीचा पास्ता थंडच खाऊन घेतात, कुणी ब्रेडला पीनट बटर लावून चळत रचत असतं. बाहेर नऊ-दहा अंश. क्वीन्सलंडमध्ये ऑगस्ट म्हणजे हिवाळा, आणि बंडाबर्गात हिवाळा म्हणजे स्ट्रॉबेरी, झुकिनी, टोमॅटो, ढोबळी मिरची, रताळी. शिवाय साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. दार उघडलं की मळीचा वास आत येतो. इस्लामपूरकडे वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

मी डबा भरते. कालच्या भाताला फोडणी, शेंगदाण्याची चटणी, एक केळं. खरं तर आज डबा भरायचं काही कारण नाही. ऑफिसच्या दाराशेजारी पांढरा फळा आहे. रोज संध्याकाळी त्यावर उद्याच्या कामाची यादी लागते: शेताचं नाव, व्हॅनची वेळ आणि खाली माणसांची नावं. काल माझं नाव नव्हतं. तरी उठायचं, बूट चढवायचे, टोपी, हातमोजे, दोन लिटर पाणी घ्यायचं आणि अंगणात जाऊन उभं राहायचं. यादीतलं कुणी झोपून राहिलं, कुणाला रात्री ताप भरला, तर एक जागा रिकामी होते. त्या एका जागेसाठी आम्ही सात-आठ जण तयार असतो.

पहाटे ५:००

चार व्हॅन. मॅनेजर हातातल्या टॉर्चने नावं वाचतो. झुकिनीच्या व्हॅनमध्ये एक जण कमी निघाला. मॅनेजरने आमच्याकडे पाहिलं, टॉर्च एकेकाच्या अंगावरून फिरली आणि एस्टोनियाच्या उंच पोरावर थांबली. तो पळतच व्हॅनमध्ये चढला. जाण्यायेण्याचे दहा डॉलर त्याच्या आजच्या मजुरीतून वजा होतील, पण आज मजुरी असेल.

निवड कशावरून होते हे कुणी सांगत नाही. उंची बघतात, खांदे बघतात, काल कुणी तक्रार केली हेही लक्षात ठेवतात. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. काम नसणं समजू शकतं; पाऊस पडला, भाव पडला, माल पिकला नाही, की शेतकऱ्याकडेही काम नसतं. पण काम असताना ते कुणाला मिळणार हे एका माणसाच्या मर्जीवर, आणि तोच माणूस दर गुरुवारी आमच्याकडून खाटेचं भाडं घेणार.

आज गुरुवार आहे.

सकाळी ६:३०

ऊन पत्र्यावर आलं. उरलेले परत झोपायला गेले. मी कपडे धुवायला टाकून अंगणातल्या बाकावर बसते.

इथे कशी आले ते सांगायला हवं. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २०२२ मध्ये व्यापार करार झाला. त्यात एक सोय तरुणांसाठी होती: १८ ते ३० वर्षांच्या भारतीयांना एक वर्ष ऑस्ट्रेलियात फिरता येईल आणि फिरता फिरता कामही करता येईल. सप्टेंबर २०२४ पासून हा ४६२ क्रमांकाचा व्हिसा आपल्याला खुला झाला. वर्षाला जागा १,०००. त्यासाठी सोडत निघते. २५ डॉलर भरून नाव घालायचं आणि वाट बघायची. माझं नाव निघालं तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. खात्यात ५,००० डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे पावणेतीन लाखांच्या घरात. त्यासाठी माझी नोकरीतली सगळी शिल्लक आणि आईची भिशी लागली.

एक वर्षानंतर दुसरं वर्ष हवं असेल, तर ठरलेल्या ग्रामीण भागात ठरलेल्या प्रकारचं काम तीन महिने करावं लागतं. सगळे त्याला ‘एटी-एट डेज’ म्हणतात, अठ्ठ्याऐंशी दिवस. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना १ जुलै २०२४ पासून ही अट नाही. बाकी आम्ही सगळे, कोरियन, फ्रेंच, अर्जेंटिनाचे, तैवानचे, भारतीय, हे दिवस गोळा करायला अशा गावांत येतो. आणि अशा गावांत भाड्याची घरं रिकामी मिळत नाहीत, शेतापर्यंत बस जात नाही आणि शेतकऱ्याला माणसं हवी असली की तो हॉस्टेलला फोन करतो. त्यामुळे काम पाहिजे तर हॉस्टेलमध्येच राहायला लागतं. सहा जणींची खोली, वरची खाट, आठवड्याला २३० डॉलर, आगाऊ. काम मिळो न मिळो.

माझ्या लहानपणी दिवाळी झाली की आमच्या रानाच्या कडेला बीडची टोळी उतरायची. पाचटाच्या कोप्या पडायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, तशा दहा-पंधरा कोयत्यांचा एक मुकादम. त्याने पावसाळ्यातच उचल दिलेली असायची आणि ती फिटेपर्यंत टोळी त्याची. कोपी कुठे पडणार, ट्रॅक्टर कुठल्या फडात जाणार, खाडा किती धरायचा, सगळं तोच ठरवायचा. त्यातल्या एका बाईला मी विचारलं होतं, मुकादमाशी भांडण झालं तर काय करता? ती म्हणाली, रातच्याला लेकरं घेऊन जायाचं कुठं? तेव्हा मला ते उत्तर कळलं नव्हतं.

तिच्यात आणि माझ्यात फार मोठं अंतर आहे आणि ते मी विसरत नाही. माझ्याकडे पदवी आहे, पासपोर्ट आहे, परत जायचं ठरवलं तर तिकीट काढून देणारे वडील आहेत. तिच्याकडे यातलं काही नव्हतं. पण राहायची जागा आणि काम एकाच्याच हातात गेलं की माणसाची जीभ कशी आवळली जाते, ते इथे येऊन कळलं.

सकाळी ८:००

फोन. पॅकिंग शेड, रोपवाटिका, मॅकाडेमियाच्या बागा. बंडाबर्ग परिसर हा मॅकाडेमियाचा देशातला सगळ्यात मोठा पट्टा आणि ऑस्ट्रेलियातली बहुतेक रताळीही इथेच पिकतात. म्हणजे कामं आहेत. पलीकडून पहिला प्रश्न मात्र ठरलेला: गाडी आहे का? नाही म्हटलं की आवाज बदलतो. दोघींनी नाव लिहून घेतलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दहा मिनिटं भारतातल्या उसाबद्दल विचारलं, एकरी टन किती, पाणी किती, तोडणी हाताने होते हे खरं का. त्याच्याकडे काम नव्हतं, पण त्या दहा मिनिटांनी बरं वाटलं.

नंतर गावातल्या बूरबाँग स्ट्रीटवर चालत गेले. मोटेलात खोल्या साफ करायचं काम आहे, अनुभव हवा. पबमध्ये दारू वाढायचं प्रमाणपत्र लागतं, ते माझ्याकडे आहे, पण त्यांना शुक्रवार-शनिवार रात्रीच माणूस हवा आणि त्यानंतर हॉस्टेलपर्यंत एकटीने चालत यायचं. नंबर ठेवून आले.

सकाळी १०:००

लायब्ररी. इथे ऊब आहे, वायफाय आहे, आणि कुणी काही विकत घ्या म्हणत नाही. परगावी बेकार फिरणाऱ्या माणसाला सार्वजनिक वाचनालय काय असतं हे मी इथे शिकले. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जपानी मुलगी बायोडेटा टाईप करतेय, पलीकडे एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचताहेत. आम्हा दोघींना या वेळी इथे बघायची त्यांना सवय झाली आहे. ते मान हलवतात.

काल रात्री एका ठेकेदाराचा मेसेज आला होता: स्ट्रॉबेरी तोडायला माणसं हवीत, सोमवारपासून, फक्त एबीएन काढून ये. एबीएन म्हणजे धंद्याचा नंबर. तो घेतला की कागदोपत्री मी त्याची कामगार राहत नाही, स्वतंत्र धंदेवाईक होते. मग किमान वेतन नाही, निवृत्ती फंडाचा हिस्सा नाही, काम करताना पाय मोडला तर त्याची जबाबदारी नाही. स्ट्रॉबेरीच्या रांगेत वाकून दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याने सांगितलेल्या वेळेत, दुसऱ्याच्या ट्रेमध्ये फळं भरणारी मी, धंदेवाईक कशी?

क्वीन्सलंडमध्ये माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला २०१८ पासून परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. मी नाव टाकलं. सापडलं नाही. वेगळ्या स्पेलिंगने टाकलं. नाही. तेवढं झाल्यावर मी त्याला नकार कळवला. मग शेजारच्या जपानी मुलीलाही ते पान उघडून दाखवलं, कारण तोच मेसेज तिलाही आला होता. फळ्यावर नाव नसलेल्यांनाच असे मेसेज येतात. आमचे नंबर त्यांना कोण देतं याचा विचार दोघींनीही केला, पण बोललो नाही.

कायदा इथे दुबळा नाही, हे मुद्दाम सांगते. २०२२ पर्यंत फळतोडणीची मजुरी नुसती बादलीवर देता यायची. हात जलद असेल तर ठीक, नवा माणूस असेल, झाडावर माल कमी असेल, तर दिवसभर राबून हातात दोन-तीन तासांचेच पैसे. कामगार संघटनेने फेअर वर्क कमिशन या कामगार लवादापुढे हे नेलं आणि २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला: बादलीवर दिलं तरी तासाच्या किमान दराखाली मजुरी जाता कामा नये, आणि केलेल्या तासांची नोंद मालकाने ठेवायलाच हवी. रोजंदारीवरच्या माणसाला २५ टक्के जास्त दर, म्हणजे तासाला तीस डॉलरांहून थोडे अधिक. पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसात पेस्लिप. आमच्याकडून पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर. हे सगळं लिहिलेलं आहे, आणि हिंदीसह कितीतरी भाषांत समजावून सांगितलेलं आहे. तक्रार नाव न देताही करता येते.

पण तक्रार करून आल्यावर रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न कायद्याच्या कुठल्याच पानावर नाही. म्हणून गेले काही आठवडे मी कामाइतकीच खोली शोधते आहे, हॉस्टेलबाहेरची.

सकाळी ११:००

पहिली खोली नदीपलीकडे. जाहिरातीत ‘शांत घर, मुलींना प्राधान्य’. दार उघडलं तर बैठकीच्या खोलीत सहा गाद्या, मध्ये दोरीवर चादरी टांगून केलेले आडोसे. तो माणूस स्वतःच भाडेकरू. चार आठवड्यांचा बाँड, रोख, आत्ताच. पावती? तो म्हणाला, इथे विश्वासावर चालतं. क्वीन्सलंडमध्ये भाड्याच्या घरासाठी घेतलेला बाँड आरटीए या सरकारी संस्थेकडे १० दिवसांत भरायचा असतो. तिथून तुमच्या नावाची पावती येते आणि निघताना पैसे त्या संस्थेकडूनच परत मिळतात. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, मग तुझ्यासाठी नाही ही जागा. मला ते पटलं.

याहून वाईट जाहिराती असतात. ‘मुलीला भाडं नाही, घरात थोडी मदत करावी.’ त्यांना मी उत्तर देत नाही, आणि हॉस्टेलात नव्या आलेल्या प्रत्येकीला त्या दाखवून ठेवते. एकोणीस वर्षांच्या पोरी असतात. महिनाभर काम नसलं, खात्यातले आकडे खाली येत गेले, की ‘भाडं नाही’ एवढेच शब्द दिसायला लागतात.

दुसरी खोली समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून सहा किलोमीटर. चालत गेले, सव्वा तास. घर एका मल्याळी नर्सबाईंचं. नवरा खाणीत, पंधरा दिवस कामावर, आठ दिवस घरी. त्यांनी दारातच विचारलं, जेवलीस का? सांबार-भात खायला घातला. मी ताई म्हणाले तर म्हणाल्या, चेची म्हण. खोली लहान, खिडकी पूर्वेला, पलंग, टेबल, कपाट. आठवड्याला १८० डॉलर, वीज धरून. बाँड दोन आठवड्यांचा, बँकेतून पाठव, पावती मिळेल. नियम दोन: रात्री नऊनंतर फोनवर मोठ्याने बोलायचं नाही, कारण त्यांची पहाटेची पाळी असते, आणि मासे तळताना खिडकी उघडायची.

“काम कुठे आहे तुझं?” त्यांनी विचारलं.

“अजून पक्कं नाही, चेची.”

त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी नर्सिंग शिकून आले तेव्हा पहिले सहा महिने म्हाताऱ्यांच्या आश्रमात लादी पुसली. रविवारपर्यंत थांबते, मग दुसऱ्या कुणाला देईन.”

खोली मनात भरली होती. पण हॉस्टेल सोडलं की फळ्यावरचं नाव गेलं, म्हणजे हॉस्टेलची कामंही गेली, आणि इथून कुठल्याच शेतावर चालत जाता येणार नाही.

दुपारी १:१५

परत निघाले होते, तोच फोन. हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत स्वतःच्या व्हॅनमध्ये राहणारं एक फ्रेंच जोडपं आहे. दोघं रताळ्याच्या शेडमध्ये कामाला असतात. त्यांच्याकडे दुपारच्या पाळीला दोन माणसं आली नाहीत. सुपरवायझरने त्यांना विचारलं, कुणी ओळखीचं आहे का? मी म्हटलं, मी शेडच्याच रस्त्यावर उभी आहे. डबाही बरोबर होता, बूटही पायात होते.

वाटेत जमीन लालभडक. हा जुन्या ज्वालामुखीचा प्रदेश. लाल मातीत काळे दगड. काही शेतांच्या बांधाला त्या काळ्या दगडांच्या कोरड्या रचलेल्या भिंती आहेत. हा रस्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, शेतकऱ्यांनी हौसेने रचल्या असतील. नंतर वाचलं. १८६३ ते १९०४ या काळात क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांसाठी पॅसिफिकमधल्या बेटांवरून सुमारे ६२,००० माणसं आणली गेली. काही करारावर, काही फसवून, काही उचलून. त्यांनी हे दगड वेचून शेतं मोकळी केली आणि भिंती रचल्या. ती माणसं मळ्यावरच राहायची. पुढे १९०१ मध्ये कायदा झाला आणि त्यातल्या बहुतेकांना परत पाठवून दिलं. जे राहिले त्यांचे वंशज आजही या गावात आहेत, आणि त्या भिंतींपैकी एकीला वारशाचा दर्जा आहे. पलीकडच्या शेतात आज यंत्र ऊस तोडत होतं, एकच माणूस काचेच्या केबिनमध्ये बसून. बाजूच्या अरुंद रुळांवर उसाच्या डब्यांची छोटी आगगाडी कारखान्याकडे चाललेली.

शेडमध्ये आधी फॉर्म भरायचा: टॅक्स फाइल नंबर, बँक खातं, निवृत्ती फंड, व्हिसाची प्रत. सुपरवायझर पन्नाशीची बाई, आवाज मोठा, पण जे सांगायचं ते दोनदा सांगते. कामगार त्यांचेच, मध्ये ठेकेदार नाही. दर तासावर.

रताळी धुऊन पट्ट्यावर येतात. लहान, मध्यम, मोठं, वाकडं, चिरलेलं, भुंगा लागलेलं. हातात घेतलं की वजन कळतं, पण डोळ्यांनी आधीच ठरवावं लागतं कारण पट्टा थांबत नाही. पहिला तासभर मी नुसती मागे पडत होते. शेजारच्या टोंगाच्या बाईंनी काही न बोलता माझ्या बाजूचे वाकडे तुकडे स्वतः काढून टाकले. मग हाताला लय सापडली. मधल्या सुट्टीनंतर खोके भरण्यावर टाकलं: अठरा किलोचा खोका, भरायचा, झाकण लावायचं, पॅलेटवर रचायचा. गुडघे वाकवून उचल, कंबरेने नको, हे सुपरवायझरने ओरडून सांगितलं. पाठ भरून आली. पाण्याने हातमोज्यांत बोटं पांढरी पडली.

मला काम आवडलं. कष्टाचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. पण घड्याळ लावून मोजलेलं काम, समोर दिसणारा रचलेला माल, आणि सुटताना आपले तास आपल्यासमोर वहीत लिहिले जाणं, यात माणसाची मान ताठ राहते. सुटताना बाईंनी विचारलं, “सोमवार, मंगळवार, बुधवार येशील? त्यापुढचं आत्ता सांगता येणार नाही. साडेसहाला हजर.”

मी हो म्हणाले. व्हॅनमध्ये बसून हिशेब केला. तीन दिवस, रोज साडेसात तास, कर जाऊन पावणेसहाशेच्या आसपास. खोलीचे १८०. पेट्रोलचा वाटा. खाणं. थोडेसे उरतात. दुसऱ्या वर्षासाठीचे दिवस हळू जमतील, पण हेही काम त्यात धरतात.

संध्याकाळी ५:४५

आंघोळीला रांग. आमच्या खोलीत सहा खाटा, सहा पाठपिशव्या, ओले बूट खिडकीत. दाराच्या आतल्या बाजूला आग लागल्यास बाहेर पडायचा नकाशा चिकटवलेला आहे. इथे आलेल्या दिवशी मी तो नीट वाचला आणि जिन्यापर्यंत चालून पाहिला. इथून पन्नासेक किलोमीटरवर चिल्डर्स नावाचं गाव आहे. तिथल्या पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेलला २३ जून २००० रोजी मध्यरात्रीनंतर एकाने आग लावली. १५ तरुण मुलं-मुली गेली. ब्रिटनची, ऑस्ट्रेलियाची, नेदरलँड्सची, आयर्लंड, जपान, कोरियाची. फळतोडणीला आलेली. इमारतीतली धोक्याची घंटा बंद होती, एका खोलीच्या खिडकीला गज होते. त्यानंतर क्वीन्सलंडने स्वस्त निवासांसाठी आगीचे नियम कडक केले. म्हणून आज माझ्या डोक्यावर धूर ओळखणारं यंत्र आहे आणि बाहेर पडायच्या दारावर हिरवा दिवा. चिल्डर्सच्या त्या इमारतीत आता कलादालन आणि त्या पंधरा जणांचं स्मारक आहे. इतकी मुलं जावी लागली तेव्हा ते दिवे लागले, हे मला रोज त्या नकाशाकडे बघताना आठवतं.

संध्याकाळी ६:१५

इस्लामपुरात पावणेदोन. घरची जेवणं उरकलेली असतात.

“काम घावलं का गं?”

“आज अर्धा दिवस मिळालं. पुढच्या आठवड्यात तीन दिवस आहे.”

“आन् ऱ्हायाचं?”

“एक खोली बघितली. केरळच्या बाई आहेत, चांगल्या आहेत. सांबार-भात दिला मला.”

“मग घेऊन टाक की. हॉस्टेलात कशाला ऱ्हातीस?” मग थोडं थांबून, “आप्पा म्हणत्यात तिकीट काढू का परतीचं.”

“नको, आई. अजून नको.”

ती गावाकडचं सांगत राहिली. पाऊस बरा आहे, खोडवा चांगला आलाय. शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टरला टोळी ठरवली, उचल देऊन आले, आकडा ऐकून तिला धडकी भरली. मग म्हणाली, “तुमच्यात पण उचल देत्यात का गं?”

“आमच्यात उलटं, आई. कामाच्या आधी आपणच पैसे भरायचे, खाटेचे.”

“म्हंजे काम मिळू न मिळू, फेडायचंच ते,” ती म्हणाली. तिसरीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला हे समजायला एक वाक्य पुरलं.

संध्याकाळी ७:००

फळा लागला. झुकिनी, स्ट्रॉबेरी, मिरची. खाली माझं नाव आहे: मिरची, व्हॅन क्रमांक दोन, पहाटे ५:०५. जपानी मुलीचं नाही. ती फळ्यासमोर उभी राहून पुन्हा वरपासून वाचत होती. मी तिला चेचीच्या घराजवळच्या दोन मोटेलांची नावं दिली.

मग ऑफिसात गेले. भाडं भरायची रांग होती. माझी पाळी आली तेव्हा या आठवड्याचे २३० कार्डाने दिले, पावती घेतली आणि लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला: पुढच्या गुरुवारी खाट सोडते आहे, ही एक आठवड्याची आगाऊ सूचना, माझा २५० डॉलरचा बाँड त्या दिवशी परत मिळावा.

मॅनेजरने कागद वाचला. “कुठे चाललीस?”

“गावातच.”

“तुझं नाव मी आजच यादीत घातलं होतं.”

“बघितलं. उद्या मी मिरचीला जाते आहे.”

“पुढच्या आठवड्याचं मी काही सांगू शकत नाही.”

“हो,” मी म्हटलं. “कागदावर तारीख टाकून सही कर, मी फोटो काढून घेते.”

त्याने सही केली. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही; शेतकऱ्यांचे फोन, साठ जणांच्या खाटा, मालकाचा हिशेब, सगळं त्याच्यावर आहे. पण काम आणि खाट, दोन्ही एकाच माणसाच्या हातात असू नये, आणि माझ्यापुरतं मी त्यातलं एक पुढच्या गुरुवारी काढून घेते आहे.

रात्री ८:००

चेचीला बाँडचे ३६० डॉलर बँकेतून पाठवले. नोंदीत तारीख आणि ‘खोलीचा बाँड’ असं लिहिलं. फ्रेंच जोडप्याशी ठरलं: सोमवारी पहाटे ५:५० ला गल्लीच्या तोंडाशी, पेट्रोलचे पाच डॉलर, खोली बदलली की ते मला समुद्राकडच्या रस्त्यावरून घेतील, त्यांना ती वाटेतच आहे. आजचे तास वहीत उतरवले, सुरू कधी, सुट्टी किती, सुटले कधी. सोमवार ते बुधवार झाले. गुरुवार ते शनिवार अजून रिकामे आहेत, त्यासाठी उद्या मिरचीवरून आल्यावर चेचीच्या घराजवळच्या त्या दोन मोटेलांना फोन करायचे, आणि मॅकाडेमियाच्या बागेतल्या ज्या बाईने नाव लिहून घेतलं होतं तिलाही, कारण आता गाडी आहे का विचारलं तर पोचण्याची सोय आहे असं सांगता येईल.